चौदाव्या पानावरचे चार टाके

इकडे बघा. नाही, त्या कपाटाकडे नाही आणि छपाईच्या यंत्राकडेही नाही. खिडकीखालच्या टेबलावर, घडी घातलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यावर निळं काहीतरी पडलंय ना, ती मी. मीच बोलतेय. अठ्ठावीस पानांची पुस्तिका, जाड निळं कव्हर, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.

माझं खरं नाव दोन ओळींचं आहे आणि त्यात तीन ठिकाणी आकडे आहेत, म्हणून ते राहू दे. इथे मला सगळे 'निळं पुस्तक' म्हणतात. मी थोडी तिरसट आहे हे आधीच सांगून टाकते. जिला सगळं माहीत असतं आणि जिचं कुणीच ऐकत नाही, ती तिरसट होणार नाही तर काय होईल?

हे डोळ्यांचं इस्पितळ आहे. शेजारच्या थंडगार खोलीत एक अवाढव्य संगणक आहे, दोन कपाटं एकाला एक लावून ठेवावीत एवढा. त्याच्या पोटात हजारो रुग्णांच्या नोंदी आहेत. त्याला काही विचारायचं तर साध्या बोलीत विचारून चालत नाही, त्यासाठी वेगळी भाषा आहे. त्या भाषेत चार ओळी लिहिल्या, 'अमुक रुग्ण काढ, तारखेप्रमाणे लाव, यादी छाप', की यंत्र खडखडायला लागतं आणि यादी बाहेर येते. दर दोन-तीन वर्षांनी या भाषेची नवी आवृत्ती निघते. नव्या आवृत्तीत काय बदललं ते सांगायला माझ्यासारखी एक पुस्तिका सोबत पाठवतात. म्हणजे माझं सगळं आयुष्य एका वाक्यात सांगायचं तर, 'कालपर्यंत असं होत होतं, आजपासून तसं होईल.' एवढंच सांगायला मी जन्माला आले, आणि एवढंच मला सांगता आलं नाही.

माझा जन्म एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. तिथे पंधरा-वीस जण वर्षभर त्या भाषेची डागडुजी करायचे आणि एकच बाई ती सगळी डागडुजी कागदावर उतरवायची. ती माझी आई. वही-पेन्सिल घेऊन ती टेबलाटेबलाशी जायची आणि विचारायची, "तुमच्याकडे काय बदललं?" बहुतेक जण रंगवून रंगवून सांगायचे. एखादा म्हणायचा, "काही विशेष नाही." अशा माणसाशेजारी आई खुर्ची ओढून बसायची.

माझी सहावी सूचना तिने अशाच एका 'काही विशेष नाही'कडून काढून घेतली.

"ज्या रकान्याप्रमाणे यादी लावायची, तोच रकाना रिकामा असला तर ती नोंद आता गाळली जाते," तो म्हणाला. "पूर्वी ती सगळ्यांत वर यायची. चुकीचंच होतं ते. रिकाम्याला कसला आलाय क्रम?"

"आणि कुणी त्यावर विसंबून असलं तर?"

"रिकाम्या रकान्यावर कोण विसंबून राहतं, बाई?"

आईने ते लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. जुन्यासारखं हवं असेल तर काय करायचं तेही लिहिलं. अहवालाच्या सुरुवातीला फक्त एक ओळ जोडायची होती.

ही सूचना पहिल्या पानावर चौकटीत घालावी असं तिचं म्हणणं होतं. विभागाच्या साहेबांनी मान हलवली. "पहिल्या पानावर नव्या सोयी असतात. लग्नाच्या आमंत्रणात कुणी घरातलं आजारपण लिहितं का?" मग ती म्हणाली, ठळक अक्षरात तरी घ्या. साहेब म्हणाले, एक ठळक केलं की सगळे आपापलं ठळक करून मागतील. शेवटी पहिली दोन पानं पान-क्रमांक आता पाच आकडी छापता येतो या आनंदवार्तेला मिळाली. मला स्वतःलाच ती पानं वाचताना झोप येते. सहावी सूचना गेली चौदाव्या पानावर, नेहमीच्या बारीक अक्षरात.

"जाऊ दे," आई माझा शेवटचा तपासलेला कागद सारखा करत म्हणाली. "मधलं पान आहे. मधलं पान आपोआप उघडतं." अठ्ठावीस पानांची पुस्तिका मधोमध दुमडली की चौदावं आणि पंधरावं पान समोरासमोर येतं आणि पिना तिथेच टोचतात. एवढ्यावर तिने समाधान मानलं. आईची माया अशीच असते, कुठे ना कुठे आशा शोधते.

मी इथे आले ती एका खोक्यातून, टेपच्या चकतीसोबत. चकतीचं स्वागत जोरात झालं. तिच्यात नवी आवृत्ती होती. मला खोक्यातून काढलं ते तिसऱ्या दिवशी, आणि ज्यांनी काढलं त्यांचं नाव मशीनदादा.

खरं नाव वेगळं असेल, पण इस्पितळात सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. थंड खोलीचे ते एकटे राजे. स्वभाव असा नीटनेटका की पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवतात. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटणार नाही, कारण त्यांनी मला वाचायला घेतलं होतं. रोज दुपारी चहाबरोबर चार पानं, हातात पेन्सिल घेऊन. पान-क्रमांकाची दोन पानंही त्यांनी मन लावून वाचली! माझ्या अंगावरचा हा गोल डाग त्याच दिवसांतला. मी तो मिरवते.

तिसऱ्या दिवशी बारावं पान संपलं. आता पुढचं पान उलटणार, तेवढ्यात थंड खोलीचं थंडावा देणारं यंत्र बंद पडलं. दादा धावले. जाताना त्यांनी छपाईच्या कागदाच्या कडेची भोकाभोकांची पट्टी फाडली आणि खूण म्हणून माझ्यात घातली. बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये. ती पट्टी तिथे सहा महिने राहिली.

यंत्र दुरुस्त व्हायला आठवडा लागला. तोवर नवी आवृत्ती बसवायचा दिवस उजाडला. माझी उरलेली पानं वाचायची राहून गेली, पण तपासल्याशिवाय बसवणारे दादा मुळीच नव्हते. त्यांच्याकडे सरावाची एक नोंदवही होती, यंत्राच्या पोटातली. तिच्यात पन्नास खोटे रुग्ण होते, त्यांनी स्वतःच रचलेले. जुन्या आवृत्तीने त्यांची यादी काढली, नव्याने काढली, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत जुळवल्या. पन्नासच्या पन्नास, तंतोतंत. दादा खूश झाले. मी खोक्यावर पडल्या पडल्या जीव तोडून ओरडत होते की अहो, तुमच्या पन्नास रुग्णांना तारखा आहेत! तुम्हाला रिकामा रकाना बघवत नाही म्हणून तुम्ही सगळे भरलेत! पण कागदाला घसा नसतो.

आता रिकाम्या रकान्यावर इथे कोण विसंबून होतं ते सांगते.

तळमजल्यावर नोंदणीच्या ताई बसतात. डॉक्टर तपासून चिठ्ठी देतात, ताई ती यंत्रात भरतात. शस्त्रक्रियेसाठी कधी बोलवायचं त्याची तारीख एका रकान्यात. फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं होतं, "याला तारीख वगैरे नको. याला आधी बोलवा." ताईंनी सांगितलं तसं केलं. तारीख भरलीच नाही. पुढच्या सोमवारी यादी छापून आली तर तेच नाव सगळ्यांत वर! ताईंना वाटलं, काय हुशार यंत्र आहे, न सांगता कळतं याला. तेव्हापासून रीतच पडली. ज्याचे डोळे थांबू शकत नाहीत त्याला तारीख नाही. नवीन डॉक्टर आले की जुने त्यांना सांगायचे, "तातडीचा असला तर तारीख नको म्हणायचं, ताईंना कळतं." सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मशीनदादांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी आहे, आणि लोक पाटीचं ऐकतात.

यादीवरून पत्रं निघतात. ती पत्रं या खोलीत येतात, मावशींकडे.

मावशी म्हणजे या टेबलाची मालकीण. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि तोंड सतत चालू. पत्राची तीन घडीत घडी घालायची, पाकिटात सरकवायचं, पत्ता खिडकीत दिसतोय ना बघायचं. तारखेच्या रकान्यात काहीच नसेल त्या पत्रावर 'तातडीने या' असा लाल शिक्का मारायचा. वीस वर्षं हेच काम. पण कंटाळा नाही. प्रत्येक नाव वाचून त्या पाकिटाशी बोलतात. "या हो, घाबरू नका. आमचे डॉक्टर चांगले आहेत."

नवी आवृत्ती बसवल्यावर दादांनी मला त्यांच्याकडे दिलं. "कव्हर कडक आहे, घड्या दाबायला होईल. काम संपलंय तिचं." काम संपलंय! मी तेव्हापासून घड्या दाबते, आणि पंख्याने पत्रं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसते. मी जी गोष्ट सांगू शकले नाही तिच्यामुळे अर्धवट आलेली यादी दर सोमवारी माझ्याच अंगाखालून जात होती. यापेक्षा मोठी शिक्षा मला तरी माहीत नाही.

पहिल्या सोमवारी लाल शिक्क्याचं एकही पत्र निघालं नाही. मावशी हरखल्या. "बघ बाई," त्या मला म्हणाल्या, "या आठवड्यात कुणाचं तातडीचं नाही. लोक डोळ्यांना जपायला लागले वाटतं." दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी शिक्का खणात गेला.

त्याच सुमाराला त्यांचे थोरले भाऊ तपासणीला आले.

भाऊ शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवलेले. बायको नाही, मुलंबाळं नाहीत, दुकान म्हणजेच घर. गेले काही महिने सुईत दोरा ओवताना चुकायचे आणि दोष सुईला द्यायचे. "हल्ली सुयांची भोकंच बारीक काढतात, चिमे." पन्नाशी ओलांडलेल्या बहिणीला ते अजून चिमी म्हणतात. मावशींनी त्यांना ओढून आणलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बघितले आणि गंभीर झाले. काचबिंदू. आत दाब वाढतो, नजर कडेकडेने खाल्ली जाते, दुखत नाही, खुपत नाही. गेलेली परत येत नाही. उरलेली मात्र शस्त्रक्रियेने राखता येते, वेळेत झाली तर.

"आठ-दहा दिवसांत पत्र येईल," डॉक्टर म्हणाले, आणि चिठ्ठीवर लिहिलं, तारीख नको.

मावशी खोलीत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, पण हसतही होत्या. "माझ्याच हातून जाणार बघ त्याचं पत्र. लाल शिक्का मीच मारणार." खणातून शिक्का काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मी त्याच्या शेजारी होते. खाली ताईंनी रीतीप्रमाणे तो रकाना रिकामा ठेवलाही होता.

सोमवार आला. भाऊंचं नाव नाही. पुढचा आला, नाही. त्याच्या पुढचा आला. मावशी आता पत्रांशी बोलायच्या आधी सगळा गठ्ठा एकदा भराभर चाळायच्या, मग पुन्हा सावकाश चाळायच्या.

एक दिवस त्या थंड खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पाटी असूनही.

"दादा, माझ्या भावाचं नाव तुमच्या यंत्रात नक्की आहे ना?"

दादांनी लगेच बघितलं. ते तसे मनाचे चांगले. "आहे की. नोंद अगदी व्यवस्थित आहे मावशी, डॉक्टरांचं नाव, सगळं. नंबर लागला की यादीत येईल."

"पण डॉक्टर म्हणाले होते आठ-दहा दिवस."

"गर्दी असेल. आणि यादीबाहेर कुणाला घेत नाहीत, तुम्हाला तर माहितीये."

माहीत असायला काय, तो नियम करायला लावणाऱ्यांत मावशीच पुढे होत्या. पूर्वी ओळखीचे लोक मधेच घुसायचे आणि पत्राची वाट बघणारे बघतच राहायचे. मावशींनी तेव्हा मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन भांडण काढलं होतं. यादी म्हणजे यादी, मग तो कुणाचा कुणी का असेना. आता स्वतःच्या भावासाठी तो नियम मोडा म्हणायला त्यांची जीभ उचलेना. त्या परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि माझ्या कडेने घड्या दाबायला लागल्या, नेहमीपेक्षा जास्त जोराने. त्यांची बोटं माझ्या चौदाव्या पानापासून कागदाच्या जाडीइतकी लांब होती. मी काय करू शकत होते? मी पडून राहिले.

चार महिने गेले. माझ्या पिना गंजल्या आणि मी सुटायला लागले. एका दुपारी भाऊ बहिणीला घरी न्यायला म्हणून आले आणि खिडकीपाशी बसले. चालताना ते आता भिंतीला हात लावून चालत होते. मावशींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"भाऊ, बसलायस तर हे निळं पुस्तक सुटतंय बघ. दोन टाके घाल ना."

"दोन कशाला, चार घालतो." त्यांच्या कॉलरच्या मागे सुई कायम टोचलेली असायची. दोरा ओठांत ओला करून त्यांनी ओवायचा प्रयत्न केला. चुकला. पुन्हा केला. मग सुई आणि दोरा बहिणीपुढे धरला. तिने ओवून दिला. एवढ्याशा गोष्टीत त्या खोलीतली हवा जड झाली, माझी पानं सांगतात.

त्यांनी मला मधोमध उघडलं. शिवायचं तर मधल्या घडीतूनच शिवावं लागतं ना. चौदावं पान त्यांच्या मांडीवर, खिडकीचा लख्ख उजेड त्यावर, आणि सहावी सूचना त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. त्यांचं नाव जिच्यामुळे येत नव्हतं ती सूचना!

"केवढी बारीक अक्षरं," ते पान डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "मला तर नुसती मुंग्यांची रांग दिसते. तीही अर्धीच."

"तुला वाचून काय करायचंय? परक्या भाषेत आहे ते. आम्हालाही नाही कळत."

मी ज्या भाषेत लिहिलेली आहे ती खरं तर कुणाच्याच घरात बोलत नाहीत, पण हे तरी मी कुणाला सांगणार?

भाऊंनी डोळे मिटले. खरंच मिटले. डाव्या अंगठ्याने घडी चाचपली आणि उजव्या हाताने सुई घातली. एक टाका, दुसरा, तिसरा, चौथा. चारही सारख्या अंतरावर, पट्टीने मोजून घ्यावेत असे. तिसरा टाका सहाव्या सूचनेच्या अगदी शेजारून गेला. दाताने दोरा तोडून ते म्हणाले, "कागद फाटेल, पण हे सुटणार नाही." मग मला हातात घेऊन त्यांनी दोनदा उघडमीट केली. दोन्ही वेळा मी मधल्या पानावर उघडले. मला तेवढंच करता येत होतं.

त्यानंतर भाऊंनी काही शिवलं नाही. दुकानाचं दार त्यांनी पुढच्याच आठवड्यात ओढून घेतलं. मावशी हे टेबलापाशी एकट्याच बोलत होत्या, म्हणून मला कळलं.

सहावा महिना संपत आला तेव्हा एक क्षुल्लक गोष्ट घडली. इस्पितळ एक दिवस बंद राहणार होतं, त्याच्या सूचनेवर लाल शिक्का मारायचा होता. मावशींनी खणातून शाईची डबी काढली. आतली गादी वाळून तडकली होती, उन्हात सुकलेल्या चिखलासारखी. त्या डबी घेऊन दादांकडे निघाल्या, हातात मी, कारण माझ्यावर ठेवून त्या डबी नेत होत्या.

"लाल शाई आहे का हो थोडी? ही पार वाळून गेली."

"वाळली कशी? शिक्का तर तुम्ही दर आठवड्याला मारता."

"कुठे मारते? आधी दर सोमवारी शाई घालावी लागायची. आता सहा महिन्यांत एकदाही लागला नाही शिक्का."

दादांनी पेन्सिल खाली ठेवली, उंचीप्रमाणे न लावता. "एकदाही नाही? तातडीचा एकही रुग्ण नाही?"

"रकाना रिकामा असलेलं एकही पत्र आलेलं नाही. मला वाटलं, बरंच आहे."

"कुठला रकाना?"

मग मावशींनी त्यांना ती रीत सांगितली, जी इस्पितळात सगळ्यांना माहीत होती. दादा ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"हे कधीपासून म्हणालात?"

"हे निळं पुस्तक आलं तेव्हापासून."

दादांनी मला त्यांच्या हातातून घेतलं. पट्टीची खूण बाराव्या पानाशी होती, पण मी तिथे उघडले नाही. चार टाक्यांनी मला जिथे उघडायला शिकवलं होतं तिथे उघडले. दादांची नजर खाली गेली. सहा महिन्यांनी कुणीतरी मला वाचत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

त्यांनी सूचना मोठ्याने वाचली, मग मावशींना समजेल अशा शब्दांत सांगितली. मावशींची नजर मात्र ओळीवर नव्हती, शेजारच्या टाक्यावर होती. हे पान कुणाच्या मांडीवर उघडं पडलं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. ते त्यांनी दादांना सांगितलं नाही, आणि भावाला तर कधीच सांगितलं नाही.

दादांनी एक ओळ जोडली. यंत्र खडखडलं. बिनतारखेची माणसं एकामागून एक बाहेर यायला लागली. एकशे बारा. मावशी त्या दिवशी नव्या शाईने शिक्के मारत बसल्या आणि कुणाशीच बोलल्या नाहीत. भाऊंचं पत्र बारावं होतं. त्यावरचा शिक्का त्यांनी अगदी सरळ मारला. ते पत्र त्यांनी टपालात टाकलं नाही, पर्समध्ये घालून घरी नेलं.

शस्त्रक्रिया झाली. डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडं उरलं, नळीतून बघावं तेवढं. "तेव्हाच झाली असती तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले म्हणे. एकशे बारांपैकी बरेच जण वेळेत आले. काही नाही आले. काही पत्रं परत आली, ती मावशींनी उघडली नाहीत.

दादा एकदा भाऊंना भेटले, याच खोलीत. उभ्यानेच म्हणाले, "माझं चुकलं. एक पान वाचायचं राहिलं."

भाऊ आवाजाच्या दिशेने बघत होते. "होतं असं. माझ्या हातून एकदा बाही उलटी लागली होती. मोठ्या समारंभाचा कोट. रात्रीतून उसवली आणि परत लावली." जरा थांबून म्हणाले, "कापड होतं म्हणून."



गेल्या आठवड्यात पुढची आवृत्ती आली. तिची पुस्तिका हिरवी आहे, बत्तीस पानांची, जरा तोऱ्यातच असते. दादांच्या आधी मावशींनीच ती खोक्यातून काढली आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"वाचा."

"वाचतो की, मावशी."

"मोठ्याने वाचा. पहिल्यापासून."

"अहो, तुम्हाला नाही कळणार यातलं."

"मला नाहीच कळणार. तुम्हाला कळेल. मी बसते." आणि त्या खुर्ची ओढून बसल्या, अगदी माझ्या आईसारख्या. मधेच फोन वाजला तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला. दादांनी बत्तीसच्या बत्तीस पानं वाचली, एकेक सूचना वहीत उतरवली आणि आता एकेकीपुढे खूण करत चाललेत. मी दुरून ऐकत होते. माझ्या नशिबात नव्हतं ते हिरवीला मिळालं, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला नाही. ऐकून मला रडूच आलं असतं, रडता आलं असतं तर.

फक्त एक गोष्ट झाली. हिरवीच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की आधीच्या आवृत्तीची पुस्तिका रद्द समजावी आणि घोटाळा टाळण्यासाठी नष्ट करावी. दादांनी तेही मोठ्याने वाचलं. मावशींनी मान डोलावली. आधीची पुस्तिका म्हणजे मी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्यासाठी मी घड्या दाबायचं निळं पुस्तक. हिरवीचा राग नाही मला. माझ्या दुसऱ्या पानावर माझ्या आधीच्या पिवळीबद्दल मीही हेच लिहिलेलं आहे.

दादा आता एकही सूचना सोडत नाहीत. आज सकाळी त्यांनी माझ्या कव्हरवर 'रद्द' अशी चिठ्ठी चिकटवली आणि वहीत खूण केली. उद्या शनिवारी रद्दी उचलतात. मावशी भावाला घेऊन परगावी तपासणीला गेल्यात, सोमवारपर्यंत रजेवर आहेत. दादांनी माझ्यातले टाके बघितलेत, पण ते कुणाचे ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पुन्हा तेच. मला माहीत आहे, आणि मला सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. मला वाचा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. माझ्यातलं सगळं आता जुनं झालंय, पान-क्रमांकसुद्धा हिरवीत सहा आकडी आहेत. पण चाळीस वर्षं शिवणाऱ्या एका माणसाने शेवटचं जे शिवलं ते माझ्यात आहे. एवढं करा. मधलं पान उघडा, घडीवरून एकदा अंगठा फिरवा, ती चिठ्ठी हळूच काढा आणि मला परत या पत्रांवर ठेवा. सोमवारी मावशी येतील.